बडोद्यातून मरीन स्पेअर पार्ट्सचं ऑनलाइन दुकान: यादी चढवण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: बडोद्यात राहणारा, मेकॅनिकल डिप्लोमा झालेला एक तरुण विचारतो की काकांचं मकरपुरा जीआयडीसीत लेथचं वर्कशॉप आहे, तिथे पंपाचे शाफ्ट, स्लीव्ह, बुश बनतात. मला बोटींच्या आणि जहाजांच्या इंजिनांचे सुटे भाग ऑनलाइन विकायचे आहेत. बडोद्याला समुद्र नाही, तरी हे चालेल का? एका पुरवठादाराकडून हजारो वस्तूंची तयार यादी मिळते आहे, ती वेबसाइटवर चढवून सुरुवात करू का?

चालेल. पण ती यादी चढवू नका.

या धंद्यात गिऱ्हाईक दुकान बघायला येत नाही. त्याची बोट बंद पडलेली असते, खलाशी बसून असतात, मासळीसाठी भरलेला बर्फ वितळत असतो, आणि हातात एक तुटका भाग असतो. त्याला तुमच्याकडून एकाच गोष्टीचं उत्तर हवं असतं: हा माझ्या इंजिनाला बसेल ना? ज्या दुकानदाराला छातीठोकपणे 'बसेल' म्हणता येतं त्याच्याकडे तो दहा टक्के जास्त देऊनही येतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. तयार यादीतल्या हजारो वस्तूंपैकी एकीबद्दलही तुम्हाला हे उत्तर देता येणार नाही, कारण तो माल तुम्ही हातात धरलेला नाही, मोजलेला नाही, कुठे बसतो ते पाहिलेलं नाही. चुकीचा भाग वेरावळला पोचला की तो परत येतो, येण्याजाण्याचं भाडं तुमच्या अंगावर पडतं, आणि त्या बंदरातल्या सगळ्या मिस्त्र्यांना संध्याकाळपर्यंत ते कळलेलं असतं.

समुद्र लांब आहे याची काळजी करू नका. माल ज्यांना लागतो ते वेरावळ, पोरबंदर, मांगरोळ, जाफराबादला आहेत आणि खाली हर्णै, रत्नागिरी, मालवणपर्यंत पसरले आहेत. बडोदं दिल्ली-मुंबई रेल्वेमार्गावर आणि राष्ट्रीय महामार्ग ४८ वर आहे. सौराष्ट्राकडे रात्रीच्या ट्रॅव्हल्समध्ये पार्सल टाकलं तर सकाळी बंदरात मिळतं, हे मोठ्या कुरिअर कंपन्यांनाही दर वेळी जमत नाही. शिवाय बडोद्याच्या मराठी माणसाकडे एक गोष्ट आहे जी मुंबईच्या व्यापाऱ्याकडे सहसा नसते. वेरावळच्या मिस्त्रीशी गुजरातीत आणि रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या नाखव्याशी मराठीत तुम्ही सारख्याच सहजपणे बोलू शकता. सुटा भाग ओळखण्याचं निम्मं काम फोनवर होतं, तेव्हा ही भाषा फार कामाला येते.

आता कोणाला विकायचं ते ठरवा. मासेमारी बोटी, टग, प्रवासी लाँच यांचा बाजार एक आणि परदेशी फेऱ्या करणाऱ्या मालवाहू जहाजांचा बाजार दुसरा. दोन्हींना 'मरीन' म्हणतात, पण त्यांचे खरेदीदार, कागद, उधारी, सगळंच वेगळं आहे. माझं स्पष्ट मत आहे की पहिली दोन वर्षं पहिल्याच बाजारात राहावं, त्यातही दोन-तीन इंजिनं निवडावीत आणि त्यांच्या थंड पाण्याच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या, बाजूचे भाग पूर्ण ठेवावेत: समुद्राच्या पाण्याचा पंप, त्यातला पात्यांचा रबरी इम्पेलर, सील, हीट एक्स्चेंजरचे गॅस्केट आणि स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा अ‍ॅनोड. खारं पाणी जिथून फिरतं तिथलंच सगळ्यात आधी खराब होतं, त्यामुळे मागणी कायम राहते. शाफ्ट आणि स्लीव्ह तर काकांच्या लेथवरच होतील.

इम्पेलरचंच बघा. फोन येतो, "भाई, लेलँडचा इम्पेलर आहे का?" एवढ्यावर माल पाठवायचा नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मासेमारी बोटींत ट्रकच्या इंजिनाचं मरीन रूप असतं. इंजिनावरचं नाव एकच असतं, पण त्याला जोडलेला समुद्राच्या पाण्याचा पंप बोटीगणिक बदलतो आणि कधी मालकानं मध्येच बदललेला असतो. म्हणून इंजिनाच्या पट्टीचा, म्हणजे नाव-नंबर असलेल्या धातूच्या पाटीचा, फोटो मागवा आणि पंपावरच्या पट्टीचाही वेगळा मागवा. पंपाची पट्टी गंजून गेली असेल तर पाच मापं लागतात: पात्यांची संख्या, बाहेरचा व्यास, रुंदी, मधल्या भोकाचा व्यास, आणि शाफ्टला तो कशानं पकडतो, म्हणजे चावी, पिन, सपाट बाजू की स्प्लाइन.

यात एक मेख आहे. वापरलेल्या इम्पेलरची पाती एका बाजूला वाकून तशीच बसलेली असतात, टोकं झिजलेली असतात. त्यावर व्हर्नियर लावला तर व्यास कमी येतो आणि तुम्ही एक माप लहान इम्पेलर पाठवता. तो बसतो, इंजिन चालूही होतं, पण पाणी कमी ओढतो आणि समुद्रात दोन तास आत गेल्यावर इंजिन तापतं. म्हणून व्यास पंपाच्या घराचा आतून मोजायला सांगा. ज्या बाजूला कॅम, म्हणजे घराच्या आतला फुगवटा, आहे तिथे माप घेऊ नये, हेही त्याच वेळी सांगा. पाती मोजताना एखादं तुटून गेलेलं दिसलं तर त्याला विचारा, तो तुकडा सापडला का? रबराचा तो तुकडा पाण्याबरोबर पुढे जाऊन हीट एक्स्चेंजरच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकतो. नवा इम्पेलर घालूनही इंजिन तापत राहतं आणि दोष तुमच्या मालाला लागतो. फोनवरच्या या एका प्रश्नानं माणसाची बोट वाचते. हे विचारणारा दुकानदार त्याला दुसरा भेटलेला नसतो.

रबर कोणतं हेही पानावर लिहा. थंड पाण्याच्या पंपाला निओप्रीन चालतं, बोटीच्या तळाशी साचलेलं तेलकट (बिल्जचं) पाणी उपसणाऱ्या पंपाला नायट्राइल लागतं. दिसायला दोन्ही काळीच.

आउटबोर्ड इंजिनांमध्ये ओळख सोपी आहे, कारण नंबर शिस्तीचे असतात. यामाहाचा ६८८-४४३५२-०३ हा नंबर घ्या. पहिले तीन आकडे तो भाग मुळात कोणत्या मॉडेलसाठी काढला ते सांगतात, मधले पाच तो भाग काय आहे ते सांगतात (४४३५२ म्हणजे पाण्याच्या पंपाचा इम्पेलर), आणि शेवटचे दोन सुधारणेचे असतात. गिऱ्हाईक जुन्या पुस्तकातून ००, ०१ किंवा ०२ वाला नंबर सांगेल. त्याला 'नाही' म्हणून परत पाठवू नका. जुने सगळे नंबर त्या वस्तूच्या पानावर लिहा, म्हणजे शोधताना तो नव्या नंबरापर्यंत पोचेल. नंबर डॅशसह, डॅशशिवाय आणि मध्ये जागा सोडून, तिन्ही पद्धतींनी सापडला पाहिजे. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत लोक नेहमी करतात, तीही सांभाळून घ्यायची सोय ठेवा. वेबसाइटवर पैसे खर्च करायचे असतील तर ते या शोधाच्या सोयीवर करा. रंग आणि फिरते फोटो कोणी बघत नाही.

फोटो मात्र तुमचेच हवेत. पुरवठादाराचा चकचकीत फोटो दहा दुकानांत तोच असतो. भाग ग्राफ पेपरवर ठेवा, एक फोटो समोरून घ्या, एक बाजूनं, एक भोकाच्या बाजूनं आणि एक व्हर्नियर लावून. कटलेस बेअरिंग (पंख्याच्या शाफ्टला पाण्यात आधार देणारं) असेल तर शाफ्टचा व्यास, कवचाचा बाहेरचा व्यास आणि लांबी ही तीनच मापं लागतात, ती फोटोतच वाचता आली पाहिजेत. अ‍ॅनोडच्या पानावर धातू ठळक लिहा. खाऱ्या पाण्याला झिंक, गोड्या पाण्याला मॅग्नेशियम, आणि खाडीच्या मचूळ पाण्याला अ‍ॅल्युमिनियम बरं. नर्मदेच्या गोड्या पाण्यात चालणाऱ्या लाँचला झिंकचा अ‍ॅनोड लावला तर त्याच्यावर थर चढतो, तो काम करायचं थांबवतो, आणि मालक खूश असतो की अ‍ॅनोड वर्षभर झिजलाच नाही. तोवर शाफ्ट आणि पंखा खाल्ला गेलेला असतो.

काकांच्या लेथवर बनलेला भाग विकताना एक पथ्य पाळा. इंजिन कंपनीचं नाव भागावर कोरू नका, तिचा लोगो पानावर टाकू नका. 'अमुक इंजिनासाठी योग्य' एवढं लिहायला ट्रेडमार्क्स अ‍ॅक्ट १९९९ मध्ये सुट्या भागांपुरती मुभा आहे. त्याच्या पुढे गेलात तर तो बनावट माल ठरतो. धातूची प्रत खरी सांगा. एसएस ३०४ आणि एसएस ३१६ नव्या असताना हातात सारख्याच दिसतात. खाऱ्या पाण्यात ३०४ ला खड्डे पडतात. तुमच्याकडे ३०४ असेल तर ३०४ लिहा आणि ती डेकवरच्या कामाला द्या, पाण्याखालच्या शाफ्टला देऊ नका.

मालवाहू जहाजांकडे वळाल तेव्हा मालाइतकाच कागद विकावा लागतो. हे आत्ताच समजून घ्या, कारण बडोद्यातले चांगले वर्कशॉपवाले इथेच अडतात.

सगळ्यात मोठी बाब अ‍ॅस्बेस्टॉसची. सोलास या जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १ जानेवारी २०११ पासून जहाजावर अ‍ॅस्बेस्टॉस असलेला कोणताही भाग नव्यानं बसवायला पूर्ण बंदी आहे. त्याआधी २००२ पासून थोडे अपवाद सोडून बंदी होतीच. आपल्याकडे बाजारात मात्र अ‍ॅस्बेस्टॉसचे गॅस्केट शीट आणि ग्लँड पॅकिंग मिळतात, ते स्वस्तही असतात, आणि विकणारा दुकानदार कायदा मोडत नसतो. तेच शीट कापून बनवलेलं गॅस्केट तुम्ही जहाजाला दिलंत आणि तपासणीत सापडलं, तर ते काढणं, जागा साफ करणं, चौकशी, हा खर्च गॅस्केटच्या किमतीच्या हजारो पट जातो. ते कापताना त्याची धूळ जहाजावरच्या फिटरच्या फुप्फुसात जाते, आणि काकांच्या कामगारांच्याही. म्हणून माझं सांगणं आहे की हा माल दुकानात शिरूच देऊ नका, मासेमारी बोटींसाठीसुद्धा नाही. शीट घेताना बनवणाऱ्याकडून 'अ‍ॅस्बेस्टॉसमुक्त' असं लेखी आणि प्रयोगशाळेचा अहवाल घ्या, त्यावरचा लॉट नंबर तुमच्या बिलाशी जुळवून ठेवा.

जहाजतोडणीचा हाँगकाँग करार २६ जून २०२५ पासून लागू झाल्यावर हे आणखी कडक झालं आहे. जहाजावर कोणते घातक पदार्थ कुठे आहेत याची यादी बाळगावी लागते. तिच्यासाठी जहाज कंपनी पुरवठादाराकडून मटेरियल डिक्लेरेशन (मालात कोणते पदार्थ आहेत ते) आणि अनुरूपतेचं घोषणापत्र (ते खरं असल्याची जबाबदारी) मागते. हे दोन फॉर्म भरायला शिका. अवघड नाहीत. पण विचारल्या दिवशी जो देतो त्याला ऑर्डर मिळते.

तिसरी गोष्ट इंजेक्टर नोझल आणि फ्युएल पंपाच्या प्लंजरची. जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या मार्पोल कराराच्या सहाव्या परिशिष्टात १३० किलोवॅटच्या वरच्या, २००० सालापासून बांधलेल्या जहाजांवरच्या डिझेल इंजिनांना नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा आहे. धुरावर परिणाम करणारे भाग इंजिनाच्या टेक्निकल फाइलमध्ये ओळखचिन्हासह नोंदलेले असतात. नोझल मापानं तंतोतंत बसलं तरी त्यावर ते चिन्ह नसेल तर चीफ इंजिनिअरला ते लावता येत नाही. तसा माल ठेवून फसू नका.

जहाजाकडून चौकशी आली की जहाजाचं नाव, सात आकडी आयएमओ नंबर (जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक), इंजिनाचा प्रकार, अनुक्रमांक, कोणी बांधलं, पुस्तकातला प्लेट नंबर आणि आयटम नंबर एवढं मागवा. कोणी बांधलं हे विसरू नका. मॅन बी अँड डब्ल्यूच्या आराखड्याची इंजिनं ह्युंदाई, मित्सुई असे वेगवेगळे कारखाने परवान्यावर बांधतात आणि बारीकसारीक भागांत फरक राहतो. दोर, हातमोजे, साधी हत्यारं असा किरकोळ माल इम्पा या जहाजखरेदीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सहा आकडी कोडनं मागवला जातो, तो कोड पानावर असू द्या. अशा मालाला बंदरात जहाजापर्यंत पोचवायला कस्टमचे कागद आणि गेट पास लागतात. त्यासाठी मुंद्रा, कांडला, हजिऱ्याच्या शिप चँडलरशी (जहाजांना माल पुरवणाऱ्या व्यापाऱ्याशी) जोडून घ्या. सगळं स्वतः करायला जाल आणि जहाज निघून जाईल.

लाइफ जॅकेटबद्दल वेगळं सांगतो. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात बोट उलटून आपल्या गावानं १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गमावल्या. त्यानंतर या शहरात लाइफ जॅकेट विकणाऱ्यानं प्रमाणपत्र नसलेला, नुसता नारिंगी कापडात फोम भरलेला माल ठेवू नये. मुलांची मापं ठेवा आणि किती किलो वजनापर्यंत चालतं ते ठळक लिहा. प्रमाणित माल महाग म्हणून परवडत नसेल तर ही वस्तू दुकानात ठेवूच नका.

अलंगचा माल विकू का, असंही तुम्ही पुढे विचाराल. १९८३ पासून तिथे जहाजं तुटताहेत. कंपनीनं बनवणं बंद केलेल्या जुन्या इंजिनांचे भाग मिळण्याचं ते फार मोठं ठिकाण आहे, आणि तिथल्या 'खाड्यां'मध्ये, म्हणजे जहाजांतून निघालेल्या मालाच्या दुकानांमध्ये, हिंडून नजर तयार होते. पण तो वापरलेला माल आहे हे पानावर पहिल्या ओळीत यायला हवं. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, बोल्ट असे भाग तडा तपासणीचा अहवाल नसेल तर घेऊ नका. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट तर वापरलेले मुळीच नाहीत. जुन्या गॅस्केटांना आणि इन्सुलेशनला हात लावायचा नाही, कारण वर सांगितलेलंच.

कराबद्दल थोडक्यात. जीएसटीत ८९०१, ८९०२, ८९०४, ८९०५, ८९०६ आणि ८९०७ या शीर्षकांतल्या जहाजांच्या आणि बोटींच्या भागांना ५ टक्के दर आहे. मासेमारी बोटी ८९०२ मध्ये येतात. मौजेच्या बोटी आणि यॉट ८९०३ मध्ये, त्या या नोंदीत नाहीत. तोच भाग ट्रकला गेला तर दर वेगळा लागतो. बेअरिंग, नट-बोल्ट अशा कुठेही चालणाऱ्या वस्तूंवर वाद होतात, म्हणून वापर कशासाठी आहे हे गिऱ्हाइकाकडून बिलावर लिहून घ्या आणि सुरुवातीलाच चार्टर्ड अकाउंटंटला बसवून वस्तूवार दर ठरवा. परदेशी विकायचं असेल तर आयईसी (आयात-निर्यात कोड) आणि एलयूटी (कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र) काढा. वेबसाइटवर मूळ देश, परत घेण्याच्या अटी आणि तक्रार कोणाकडे करायची ते नाव लिहिणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे बंधनकारक आहे.

पॅकिंगकडे लक्ष द्या. यंत्रावर घासलेल्या पृष्ठभागाला गंजरोधक कागद लागतो. पावसाळ्यात कोकणात पोचेपर्यंत साध्या कागदातल्या स्लीव्हवर तांबूस डाग येतात. हवाई कुरिअर वजन मोजताना खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० नं भागतं, त्यामुळे हलका पण मोठा भाग महाग पडतो. हा आकडा पानावर आधीच धरा. लाइफ जॅकेटचे गॅस सिलिंडर आणि संकटात इशारा देणारे अग्निबाण साध्या पार्सलमधून जात नाहीत. रबराचा माल बडोद्याच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका. सील आणि ओ-रिंग आतल्या थंड अंधाऱ्या खोलीत, पाकिटावर बनवल्याची तारीख लिहून.

पैशांचं सांगायचं तर बोटवाल्यांना माल आगाऊ पैसे घेऊनच द्या. कॅश ऑन डिलिव्हरी ठेवलीत तर बोट तोवर समुद्रात गेलेली असते आणि पार्सल परत येतं. आधी फोटो, मग मापाची खात्री, मग पैसे, मग माल, हा क्रम मोडू नका. तुम्ही खात्री दिलेला भाग बसला नाही तर दोन्ही बाजूचं भाडं तुम्ही सोसा, आणि हे पानावर लिहा. जहाज कंपन्या साठ-नव्वद दिवस उधारी मागतात. काकांचं वर्कशॉप उद्यम या सरकारी लघुउद्योग नोंदणीत उत्पादक म्हणून नोंदलेलं असेल तर त्यानं बनवलेल्या मालाला ४५ दिवसांत पैसे मिळण्याचं कायद्याचं पाठबळ आहे. नुसत्या खरेदी-विक्रीला ते मिळत नाही. म्हणून बनवलेला माल आणि विकत आणलेला माल यांची बिलं वेगळी ठेवा.

सुरुवात कधी करायची हेही या धंद्यात समुद्र ठरवतो. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, गुजरातेत अलीकडे ऑगस्टच्या मध्यापर्यंत. त्या काळात बोटी वर ओढल्या जातात, इंजिनं उघडतात, शाफ्ट निघतात, अ‍ॅनोड बदलतात. वर्षाची मोठी खरेदी तेव्हाच होते. जूनमध्ये वेबसाइट तयार करायला बसलात तर वर्ष गेलं. डिसेंबर-जानेवारीत वेरावळला आणि मिरकरवाड्याला जाऊन आठवडाभर राहा, मिस्त्र्यांबरोबर इंजिनं उघडताना उभे राहा, पंपांच्या पट्ट्यांचे फोटो काढा, कोणती दोन इंजिनं सगळ्यात जास्त दिसतात ते टिपून घ्या. मार्चपर्यंत त्या दोन इंजिनांच्या थंड पाण्याच्या बाजूचा एकेक भाग मोजून, फोटो काढून पानावर चढवा आणि माल कपाटात ठेवा. एप्रिलपासून तांडेल आणि नाखवे विचारपूस सुरू करतात.